बटवा, आवृत्ती चौथी

गिऱ्हाईक पडद्यामागे गेलं की आप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मोठ्यानं पेपर वाचायला लागायचे. मोठ्यानं म्हणजे समोरच्या सायकलवाल्यानं हातातलं पंक्चर सोडून बघावं इतक्या मोठ्यानं. गुळाचे भाव, निधनवार्ता, पाण्याच्या टाकीची जाहिरात, जे समोर येईल ते. "गूळ, एक नंबर! आवक बरी! दोन नंबर! मागणी न्हाई!" नवखा माणूस आत आला तर त्याला वाटावं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नव्हतं. पडद्यामागे कीबोर्ड होता. कीबोर्डची टकटक मोजून गिऱ्हाइकाच्या पासवर्डात किती अक्षरं आहेत ते कुणाला कळू नये, एवढ्यासाठी हा आरडाओरडा होता. कुणाला म्हणजे आम्हाला. दुकानात मी आणि ते, दोघेच असायचो.

त्यांच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. लोकांना त्यांचे किस्से सांगतो, लोक हसतात, मीही हसतो, आणि किस्सा एका ठराविक ठिकाणी आला की मी विषय बदलतो. आज बदलणार नाही असं ठरवून बसलो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका बोळात आप्पांचं दुकान होतं. फोनचा बूथ, झेरॉक्स आणि कॉम्प्युटर असं तिन्ही एकाच गाळ्यात. मी पॉलिटेक्निक करून नोकरी शोधत होतो आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी मुलाखतीची तयारी करून गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तम्मा, दुसऱ्याच्या घरात गेलास आनि कपाट उघडं दिसलं तर काय करतोस?"

"काही नाही. बघत नाही."

"बघत न्हाईस की बघून बघितलं न्हाई म्हणतोस?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पण नोकरी मिळाली.

आप्पा मूळचे सीमेवरचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. धाकट्या माणसाला ते तम्मा म्हणायचे, बायकोला सगळ्या गल्लीसारखं अक्का म्हणायचे. गळ्यात चांदीची छोटी डबी, तिच्यात त्यांचं इष्टलिंग. नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून झाली होती. पन्नाशीत स्वखुशीनं निवृत्ती घेतली, आणि लोक ज्या वयात गुडघ्याला तेल लावत बसतात त्या वयात त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणून कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली. प्रोग्रॅम आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. मग तो मी टाइप करायचो. त्या वहीतून जे निघालं त्याचं नाव बटवा.

बटवा म्हणजे एक फ्लॉपी. माणसाला विसरूनही चालत नाही आणि कुणाला सांगूनही चालत नाही असं जे काही असतं ते त्या फ्लॉपीवर लिहून ठेवायचं. विम्याचे नंबर, लॉकरची चावी घरात कुठे आहे, मसाल्याचं खरं माप, मनातलं चार ओळींचं काहीतरी. पासवर्ड घातला की उघडायचं, नाहीतर नुसती गिचमिड. पासवर्ड विसरला तर सात शब्द. ते आपले आपण निवडायचे आणि त्याच क्रमानं सांगायचे. घरी कॉम्प्युटर कुणाकडे होता? लोक फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे, रविवारी दुकानात आणायचे, पडद्यामागे जाऊन उघडायचे आणि पुन्हा पिशवीत घालून घरी न्यायचे. आमच्याकडे काही राहायचं नाही. आप्पांचा सगळा अभिमान या एका गोष्टीत होता.

"ही डबी मी काढून तुझ्या गळ्यात घालतो म्हटलं तर चालंल काय?" ते गळ्यातल्या डबीवर बोट ठेवून विचारायचे. "ज्याची त्याच्या गळ्यात. चावीचंबी तसंच हाय की."

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवणं सोपं नव्हतं. पहिल्याच महिन्यात निम्म्या लोकांनी पासवर्ड ठेवला अंबाबाई, उरलेल्या निम्म्यांनी ज्योतिबा, आणि जाताना काउंटरवर वाकून सांगायचे, "आप्पा, आमचा अंबाबाई हाय बरं का. ध्यानात ठेवा, मी इसरतो." आप्पा दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायचे, "सांगू नका! पावणं, सांगू नका!" एका तालमीतल्या वस्तादांनी तर शब्द चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवली, सगळ्यांना सोयीची व्हावी म्हणून.

त्यातून दुसरी आवृत्ती आली. आप्पा प्रत्येक आवृत्तीला 'नवीन काय' असा एक कागद स्वतःच्या हातानं लिहायचे. मी त्याच्या झेरॉक्स काढायचो आणि एकेक प्रत प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळायची. कागदावर पहिल्या नंबरला कायम एकच वाक्य असायचं: 'तुमचा बटवा आम्हालाही उघडता येत नाही.' मी एकदा म्हणालो, आप्पा, यात नवीन काय? ते म्हणाले, "दरवेळी नव्यानं सांगाय लागतंय." मग पुढे खरं नवीन. 'देवांची नावं चालणार नाहीत. पैलवानांची नावं चालणार नाहीत. म्हशीचं नाव चालेल, पण ते गल्लीत हाक मारून बोलावत असाल तर नको.'

प्रत्येक नव्या सोयीमागे एक माणूस असायचा. तिसऱ्या आवृत्तीमागे एक बाई होत्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा वारलेला, सासरी राहायच्या, पगार घरात द्यायच्या. बरोबर दहा वर्षांची मुलगी असायची. तिला आप्पांचं पेपरवाचन इतकं आवडायचं की ती मुद्दाम त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि गुळाचे भाव आले की खिदळायची. बाईंचे सात शब्द त्या पोरीनंच निवडले होते. एकदा ती ते पाढ्यासारखे म्हणायला लागली तेव्हा आप्पा कान झाकून रस्त्यावर पळाले. पोरगी हसून हसून लोळली. मग बाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं की हे फक्त आपल्या दोघींचं, आणि त्या दिवसापासून तिनं ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत.

एका रविवारी बाईंनी विचारलं, "आप्पा, घरातलं कुणी समोर बसून 'उघड' म्हणालं तर काय करायचं? नाही म्हणता येत नाही."

आप्पा आठ दिवस पेन्सिल चावत बसले. मग वहीत दोन कप्पे आले. एका पासवर्डानं वरचा कप्पा उघडायचा, त्यात रेशनकार्डाचा नंबर वगैरे किरकोळ ठेवायचं. दुसऱ्या पासवर्डानं आतला. वरचा उघडून दाखवला तर आत आणखी काही आहे हे कुणाला कळायचंसुद्धा नाही. 'नवीन काय'च्या कागदावर आप्पांनी लिहिलं, 'ही सोय एका बाईंनी सुचवली. त्यांचे आभार. नाव विचारू नये.'

एवढी गुप्ततेची चाड कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लाइनमन असताना खांबावर चढून तारेला रिसीव्हर लावून बघावं लागे, आणि लावला की दोन माणसांचं बोलणं ऐकू येई. ऐकायचं नसतं, पण कानाला झाकण नसतं. असंच एकदा एका मुलीच्या दुखण्याबद्दल काही ऐकलं आणि रात्री जेवताना सहज अक्कांना सांगितलं. अक्कांनी शेजारी सांगितलं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

"तिचं पुढं काय झालं ते इचारू नको," आप्पा म्हणाले. "म्या काय केलं ते तुला सांगितलं, बास."

हे ऐकूनही मी जे केलं ते केलं. आता तेच सांगायचं आहे.

आमचं एक गिऱ्हाईक होतं, निवृत्त कंपाउंडर. बायको गेल्यावर त्यांनी तिच्या आठवणी बटव्यात लिहायला घेतल्या होत्या. दर रविवारी तासभर पडद्यामागे बसायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. मग त्यांची स्मृती पातळ व्हायला लागली. पासवर्ड गेला, सात शब्दांची चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुऊन निघाली. त्यांनी आप्पांपुढे हात जोडले. आप्पा रडवेले झाले, पण म्हणाले, "न्हाई येत ओ. खरंच न्हाई येत."

मला ते बघवलं नाही. मी आप्पांना म्हणालो, एक मुख्य शब्द ठेवू या. फक्त आपल्याकडे. अडचणीला उपयोगी पडेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुकानात थुंकलोय. "चोरदार? माझ्या प्रोग्रॅमला? पुन्हा काढू नको ही गोष्ट."

मी पुन्हा काढली नाही. चौथ्या आवृत्तीत गुपचूप घातली. वहीतला प्रोग्रॅम टाइप मीच करत होतो, पंधरा-वीस ओळी आणखी कोण मोजणार? मुख्य शब्द ठेवला अंबाबाई. देवांच्या नावांना बंदी असल्यामुळे तो कुणाही गिऱ्हाइकाचा असणं शक्य नव्हतं, हा माझ्या हुशारीचा भाग. मी स्वतःला सांगितलं की हे कंपाउंडरांसारख्यांसाठी आहे, त्यांचा जुना बटवा यानं उघडणार नसला तरी. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की आप्पांना जे जमत नाही ते मला जमतं, याची मला चटक लागली. पुढच्या तीन महिन्यांत मी तीन विसरभोळ्यांचे बटवे उघडून दिले, आप्पा जेवायला गेलेले बघून. "नशीब, खटपट करता करता लागला," असं सांगायचो. एका आचाऱ्यानं मला किलोभर पेढे आणून दिले. ते मी खाल्ले. आप्पांनाही दोन दिले.

आणि ज्या कागदावर 'तुमचा बटवा आम्हालाही उघडता येत नाही' असं लिहिलं होतं, त्याच्या झेरॉक्स माझ्याच हातानं काढल्या होत्या.

एका दुपारी आप्पा शिरोळला कुणाला तरी प्रोग्रॅम दाखवायला गेले होते. बाईंचे दीर आले. हातात बाईंची फ्लॉपी, पिशवीला डाळीचं पीठ लागलेलं. म्हणाले, वहिनी दवाखान्यात आहे, अपेंडिक्सचं ऑपरेशन, पॉलिसीचा नंबर यात आहे.

"त्यांना विचारून शब्द घेऊन या की," मी म्हणालो.

"शुद्धीत हाय का ती? आता आत घेतलंय तिला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरीकडं बघून तरी करा ओ कायतरी."

दवाखाना खरा होता, ऑपरेशन खरं होतं, हे मला नंतर कळलं. पाणीही कदाचित खरं असेल. मी पडदा सरकवून बसलो आणि अंबाबाई टाइप केलं. वरचा कप्पा उघडेल, नंबर देऊ, बंद करू, असा हिशेब. पण माझं दार घाईत केलेलं होतं, त्याला वरचा-आतला फरक नव्हता. दोन्ही कप्पे एकाखाली एक स्क्रीनवर आले. दीर माझ्या खांद्यामागे उभे होते.

आत लिहिलं होतं की आजऱ्याच्या शाळेत बदलीसाठी अर्ज केला आहे, साहेब होय म्हणाले आहेत. तिथे एक खोली बघून ठेवली आहे. मुलीला तिथल्या शाळेत घालायचं. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं. घरात आधी सांगायचं नाही.

"हे छापा," दीर म्हणाले. आवाज कोरडा झाला होता.

"पॉलिसीचा नंबर तेवढा घ्या."

"छापा म्हणतोय न्हवं!"

मी नाही म्हणू शकलो असतो. यंत्राची वायर ओढून काढू शकलो असतो. मी छापलं. चार पानं. प्रिंटर करकरत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, आप्पांसारखा. त्याला फार उशीर झाला होता.

पंधरा-वीस दिवसांनी बाई आल्या. एकट्या, पोटावर हात धरून, जपून चालत. दुकानात आणखी तिघं-चौघं होते. मी झेरॉक्सपाशी होतो.

"आप्पा, तुमच्या कागदावर पहिल्या नंबरला काय लिहिलेलं असतं?"

"तुमचा बटवा आमालाबी उघडता येत न्हाई."

"मग माझा कुणी उघडला?" त्यांनी थांबून श्वास घेतला. "टाके निघायच्या आत माझ्याकडून बदली नको असं लिहून घेतलं त्यांनी. मुलीला सासरच्या मूळ गावी नेऊन ठेवलं. मी घर सोडू नये म्हणून."

आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "बाई, ह्येची शपथ घेऊन सांगतो. आमच्याकडं उघडायची सोयच न्हाई. पासवर्ड न्हाईतर सात शब्द. तिसरी वाट न्हाई."

बाईंनी आप्पांवर विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. त्या हळूच म्हणाल्या, "शब्द तर फक्त पोरीला ठाऊक होते."

आणि गेल्या.

मी झेरॉक्सच्या यंत्रासमोर उभा होतो. काचेवर कागदच ठेवलेला नव्हता आणि मी बटण दाबत होतो. हिरवा उजेड एकदा इकडून तिकडे गेला, पुन्हा गेला. कोऱ्या पानांचा ढीग बाहेर आला. तीन पावलांवर दार होतं. बाई बोळाच्या टोकाला पोचायला दोन मिनिटं तरी लागली असतील, पोटावर हात धरून चालत होत्या. मी हललो नाही.

आप्पांनी शपथ घेतली होती, त्यामुळे त्यांना झोप लागेना. त्यांनी मला सगळा प्रोग्रॅम छापायला सांगितला, सलग कागदावर, आणि तो दुकानावरच्या आपल्या घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरला. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि लोणच्याची बरणी. गुडघ्यांवर रांगत, हातात पेन्सिल घेऊन ते एकेक ओळ वाचायचे. पानांना ते खांब म्हणायचे, जुनी सवय. "आज अकराव्या खांबापातूर आलो." अक्का म्हणायच्या, "खूळ लागलंय ह्यास्नी," आणि त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवायच्या.

चोविसावं पान मी आधीच काढून टाकलं होतं. तेवीस आणि पंचवीस ही पानं चिकटपट्टीनं जोडली होती.

ज्या दिवशी ते तिथे पोचले त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी तेविसावं पान वाचलं. मग पानाचा नंबर बघितला. मग चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा डावीकडून उजवीकडे. वर बघितलंच नाही.

"अक्का," त्यांनी हाक मारली, "चहा टाक. दोन कप."

आम्ही चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आल्या म्हणाले, "चूक सापडली."

"काय होती?"

"हुती एक."

पाचवी आवृत्ती त्यांनी स्वतः टाइप केली, एका बोटानं. 'नवीन काय'च्या कागदावर पहिल्या नंबरला लिहिलं, 'चौथ्या आवृत्तीत एक बटवा आमच्याकडून उघडला गेला. चूक आमच्या घरातली आहे.' मग पाचव्या आवृत्तीच्या फ्लॉप्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवून, मोपेडवर मला मागे बसवून ते एकेका गिऱ्हाइकाच्या घरी निघाले. चाळीसेक घरं होती. बाईंकडे ते आदल्या दिवशीच एकटे जाऊन आले होते. तिथे काय झालं, मी विचारलं नाही. प्रत्येक दारात ते चपला काढून उभे राहायचे, कागद वाचून दाखवायचे, हात जोडायचे. मग माझ्याकडे वळून विचारायचे, "तम्मा, तुला काय सांगायचं हाय?"

मी सांगायचो, "दुकानात येऊन सगळं नव्या फ्लॉपीवर घ्या, जुनी आम्ही कोरी करून देतो."

चाळीस दारांत त्यांनी विचारलं. चाळीस दारांत मी फ्लॉपीचं सांगितलं. मी स्वतःची समजूत घातली होती की त्यांना दुसरीच कुठलीतरी चूक सापडली असावी. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला काही माप नाही.

निम्मी गिऱ्हाइकं तुटली. "आप्पाचा बटवा फुटका," अशी म्हणच पडली गल्लीत. दोन महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली. आप्पांनी शिफारसपत्र दिलं, स्वतःच्या हातानं लिहून: 'कामात हुशार आहे. वेळेवर येतो.' दुसरं काही नव्हतं. मी ते पत्र बसमध्ये चार वेळा वाचलं, राहून गेलेला शब्द कुठेतरी सापडेल म्हणून.

सात वर्षं गेली. मी बढत्या घेतल्या, लग्न केलं. एकदा घर बदलताना खोक्यात पाचव्या आवृत्तीची फ्लॉपी निघाली. ऑफिसात एका कोपऱ्यात जुनं मशीन पडून होतं. मी फ्लॉपी घातली. का ते सांगता येत नाही, पण पासवर्ड विचारल्यावर मी अंबाबाई टाइप केलं. देवाचं नाव चालत नाही, असं उत्तर यायला हवं होतं. आलं ते वेगळंच. त्या प्रोग्रॅमला मराठी अक्षरं माहीत नव्हती, इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती:

'तम्मा, कवा येतोस?'

काढून टाकलेलं चोविसावं पान त्यांनी मशीनवर उघडून वाचलं असणार; हा शब्द आता जगात मी एकटाच टाइप करणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या चाळीस दारांत ते मला विचारत होते तेव्हा ही ओळ माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत होती, चाळीस वेळा.

लगेच गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी पाच महिन्यांनी गेलो.

फोनचा बूथ गेला होता, झेरॉक्स होतं. आप्पा वाळले होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काय, कसा आहेस, काही नाही. काउंटरखालून चपला काढल्या.

"चल. सगळ्यास्नी पटलं, एका घराला अजून पटलेलं न्हाई."

रिक्षात ते म्हणाले, "मी तवाच गेलतो बाईंच्याकडं. पोरीचं काय बी चुकलं न्हाई, आमचं चुकलं म्हणून सांगितलं. कसं चुकलं म्हणाल्या. ते मला सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, आप्पा, तुम्ही भले हाय, पोरीला वाचवायला बोलताय." ते बाहेर बघत राहिले. "दर दिवाळीला जातोय. दरवर्षी तेच म्हणत्यात."

बाई आता कळंब्याला राहत होत्या. सासर सोडून तीन वर्षं झाली होती, स्वतःच्या हिमतीवर. दोन खोल्या, पुढे जास्वंद. मुलगीही परत आली होती, बारावीला होती. बाईंनी मला ओळखलं नाही. आप्पांना बघून म्हणाल्या, "दिवाळी लांब आहे की अजून."

"ह्याला कायतरी सांगायचं हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली, टीपॉयवरचा पेपर घेतला आणि सुरू केलं. "गूळ! एक नंबर! आवक कमी!"

त्या आवाजाखाली मी सांगितलं. बसमध्ये जमवलेली वाक्यं कामाला आली नाहीत. मुख्य शब्द मी ठेवला. तुमच्या दिरांना मी उघडून दिलं. छापून मी दिलं. तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी तिथेच होतो आणि तुम्ही मुलीबद्दल जे म्हणालात ते मी ऐकलं होतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "आतला कप्पासुद्धा?"

"हो."

"तो मीच सुचवला होता," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "आप्पा!"

पेपर थांबला. "झालं? मी ऐकलं न्हाई काय."

"हे तुम्हाला ठाऊक होतं. नाव का घेतलं नाहीत?"

"दुसऱ्याचा बटवा मी कसा उघडू, बाई?"

"तुमच्या नियमापायी मी माझ्या पोरीला सात वर्षं..." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ती शपथा घ्यायची ओ. मी सांगितलं नाही, मी नाही सांगितलं. मी म्हणायचे, खोटं तरी बोलू नकोस. मग तिनं सांगायचंच सोडून दिलं."

आप्पा खुर्चीतून उठले. "व्हय बाई. तेवढं माझं हाय," म्हणाले, आणि मान खाली घालून उभे राहिले. त्यांना चुकलेलं मी प्रथमच बघत होतो. ती चूकसुद्धा माझ्यामुळे झालेली होती.

बाई आत गेल्या. पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले. डोळे धुतलेले होते. त्या माझ्याकडे वळल्या.

"मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. सहाला येते ती क्लासवरून."

"हो," मी म्हणालो.

"बसा मग."

मी बसलो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. मी सात वर्षं काढली होती, पण ती पंधरा मिनिटं निघेनात. दोन तांब्यांतलं पाणी मी एकट्यानं संपवलं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना फाटकाची कडी वाजली आणि कुणीतरी सायकल स्टँडला लावली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली आणि पेपर उघडला.